गंभीरपणे विचारलेला प्रश्न

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता ऐकतात ना? (नसतील तर त्यांना माझ्याकडे पाठव. माझंही इथे कुणी ऐकत नाही, जोडी जमेल.)

पत्रास कारण की, मी बदललोय. घरात तुम्ही मला ‘खिदळ्या’ म्हणता, पण विवाह नोंदणीच्या कचेरीत खिदळून चालत नाही. परवा साहेबांचा घसा बसला आणि वधूवरांकडून शपथ म्हणवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, “गंभीरपणे घ्या.” आता गंभीरपणे म्हणजे नेमकं कसं, हे कुणी सांगेल तर शपथ! मी आपला आरशासमोर उभा राहून भुवया खाली आणल्या, गाल आत ओढले आणि आवाज थेट तळघरातून काढला. ‘जन्मभर’ हा शब्द मी असा काही उच्चारला की वराने रुमाल काढला, वधूची आई मटकन खाली बसली आणि वधूने हळूच विचारलं, “अजून विचार करायला वेळ आहे का हो?” शेवटी साहेबांनी मला बाजूला सारून, त्या बसलेल्या घशानेच, हसत हसत शपथ पार पाडली. मग मला म्हणाले, “अहो, गंभीरपणे म्हणजे मनापासून. सुतकी चेहऱ्याने नव्हे!”

मनापासून म्हटल्यावर मला आमच्या टायपिस्टबाई आठवल्या. (तशा त्या वर्षभर आठवतात, पण दरवेळी मी काहीतरी विनोद करून पळ काढतो.) डबे खाऊन झाल्यावर त्यांच्या टेबलाशी गेलो. पण मेला चेहरा सकाळपासून तसाच अडकलेला! त्यांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला, “घरी कुणाला काही झालं का?” मी म्हटलं, “नाही. माझ्याशी लग्न कराल?” आत्या, त्या इतक्या हसल्या की शिक्क्याची शाई सांडली. एरवी माझ्या विनोदांना ओठ हलत नाहीत त्यांचे! मग सवयीने मीही हसलो आणि सगळं ओम् फस झालं. डोळे पुसत म्हणाल्या, “तुमचं खरं कुठलं आणि थट्टा कुठली, हे तुमच्या घरच्यांनाच विचारलं पाहिजे.” तेव्हापासून घास उतरत नाही. मला त्या हव्या आहेत गं. हे लिहिताना मी अजिबात हसत नाहीये.

तुझा,
खिदळ्या

ता. क. त्यांना तुझाच पत्ता दिलाय. रविवारी येतील. माझं खरं आहे, एवढंच सांग. लहानपणीचे किस्से काढू नकोस, पाया पडतो.

ता. क. आत्याबाई, नमस्कार. कचेरीचं टपाल मीच पाठवते, आणि हे पाकीट चिकटवायला ते विसरलेत. रविवारी नक्की येते. माझं उत्तर ‘हो’ आहे. पण त्यांना इतक्यात कळवू नका. दोन दिवस एकही विनोद झालेला नाही, कचेरीत कसं शांत शांत वाटतंय.
— टायपिस्टबाई