मुंगीच्या बापावर तक्रार

४ फेब्रुवारी, मंगळवार

मार खाल्ला! वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ऑफिसच्या वेळेत, भरपगारी.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

झालं ते असं. आमची भेटीची खोली. बालगृहात ठेवलेल्या मुलांना त्यांचे आईबाप आठवड्यातून एकदा तिथे भेटतात, आणि मी कोपऱ्यात बसून न ऐकल्यासारखं ऐकते. आज मुंगी आणि तिचा बाप. मुंगी सहा वर्षांची. बोलली तर बोलली, नाहीतर भिंत. आज बराच वेळ बापाच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होती. मला बरं वाटलं, पोरगी मोकळी होतेय.

वेळ संपत आली. आमच्या कामात एक रीत आहे – वेळ संपल्याचं आधी मुलाला सांगायचं, मोठ्याला नाही. मुलाच्या उंचीला वाकायचं, खांद्यावर हात ठेवायचा, हळू बोलायचं. मग पाठ कुणाकडे होते? बापाकडे! ही रीत ज्याने काढली त्याने जन्मात कधी चिडलेला बाप पाहिला नसावा.

वाकले. "मुंगे, आता पाच मिनिटं हं." आणि मागून पाण्याचा स्टीलचा जग आला. भरलेला. मुंगीच्या खांद्यावर ठेवलेल्या माझ्या हातावर बसला.

मी किंचाळलेसुद्धा नाही. पोरगी घाबरेल ना! हसून म्हणाले, "काही नाही गं, हात आपटला माझा." हाड मोडलंय आणि बाई गोड हसतेय. इतक्या वर्षांचं वळण, जाता जात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेब घरी येऊन गेले. संत्र्यांची पिशवी घेऊन. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना 'समंजस' म्हणतो, कारण ते दुसऱ्याला सारखं समंजस व्हायला सांगतात.

"तुमचा टोन कसा होता, मॅडम?"

"पाच मिनिटं म्हणाले, साहेब. त्याला किती चाली लावणार?"

"नाही, म्हणजे... पहारेकरी म्हणतो, तुम्हीच म्हणालात, हात आपटला."

म्हणालेच होते! पहारेकरी दाराबाहेर होता. आत उभा केला तर पालकांना अपमान वाटतो, म्हणून बाहेर. त्याने ऐकलं तेच खरं.

"आपली माणसं आहेत ती," समंजस म्हणाले. "आपल्याच माणसांवर पोलिस?"

गोष्ट सरळ आहे. बाप ट्रक चालवतो. बायको गेल्यावर पोरीला खोलीत कोंडून फेरीला जायचा, म्हणून तिला बालगृहात आणली. आता त्याने गावातल्या गावात काम धरलंय, आणि अठरा तारखेला मुंगी त्याला परत मिळणार आहे. मी तक्रार केली तर ते अडणार. नाही केली तर पोरगी घरी.

म्हणजे माझ्या मोडक्या हातावर तिचं घर!

नवरा म्हणाला, "संत्री आंबट आहेत." आजच्या दिवसातलं एवढंच खरं बोलणं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी बहीण आली. ती हॉस्पिटलात नर्स. प्लास्टर बोटाने वाजवून पाहिलं. "आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक मारतात. तुमच्याकडे थेट गिऱ्हाईकच! सोय आहे."

मग हसायचं थांबवून – "ताई, तक्रार कर. आज हात, उद्या दुसरीचं डोकं."

दूधवाल्याने बेल वाजवली तर मी स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहिले. धाकटीने पाहिलं. स्वतःच जाऊन दूध घेतलं. तेच जास्त लागलं.

आणि एक. बालगृहाच्या मावशींना फोनवर बजावलं – मुंगीला त्या दिवसाबद्दल कुणीही विचारायचं नाही. बापाविरुद्ध एवढ्याशा जिवाला साक्षीला उभं करायचं नाही. मावशी म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात गेले. हाताकडे सगळे बघतात, डोळ्यांकडे कुणी नाही.

ऑफिसने उपाय केलाय. एक नव्हे, दोन! पहिला, आमच्यासाठी शिबिर : 'समोरच्याचा राग ओळखा'. शिकवणारा मुलगा गुळगुळीत दाढीचा. म्हणाला, राग आधी नाकपुड्यांत दिसतो. मी विचारलं, "पाठीला नाकपुड्या कशा दिसाव्यात?" तो पुढच्या चित्राकडे वळला. मार त्याने दिला, शिकवणी मला!

दुसरा उपाय, भेटीच्या खोलीत टेबलाखाली घंटा. दाबली की साहेबांच्या केबिनमध्ये वाजते. साहेब असतात मीटिंगला. छान वाजते म्हणे रिकाम्या केबिनमध्ये.

जेवताना नवी पोरगी शेजारी सरकली. भरती होऊन वर्षही नाही झालं. हळूच म्हणाली, "ताई, मला कानाखाली बसली होती. दिवाळखोर दुकानदाराची बायको. मी सांगितलंच नाही. म्हटलं, मलाच बोलता आलं नसेल नीट." मग दुसरी बोलली, तिला जिन्यावरून ढकललं होतं. मग तिसरी. डबे तसेच उघडे राहिले.

"तुम्ही तक्रार केलीत तर आम्हीही करू," नवी म्हणाली.

आता हिचीही जबाबदारी माझ्यावर! हात एक मोडला, लटकणाऱ्या मात्र सगळ्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाप आला माफी मागायला. समंजस बरोबर होते, केस विंचरून.

आडदांड माणूस, पण खुर्चीच्या टोकावर बसला. विचारलं, "का मारलंस?"

"तुम्ही वेळ संपली म्हणालात. डोकं फिरलं, बाई." रडला. खरंच रडला, नाक पुसत. "माझा राग तिच्यावर काढू नका. तिचा पलंग आणलाय मी. निळा."

त्या पलंगाने मला मारलं. त्या स्टीलच्या जगापेक्षा जोरात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. तक्रार नाही.

स्वतःला नीट विचारलं. मी त्याची पोरगी आठवड्यातून तासभर दाखवते आणि काढून घेते. अशा बाईवर एखाद्या बापाचा हात उठणार. वाईटच, पण समजतं. शिक्षा व्हायला हवी, पण ती मुंगीने का भोगायची? त्याने मला मारलं. तिला कधी बोट लावलं नाही.

धाकटी फोनवर कडाडली. "मोठी आलीस क्षमा करणारी! हारतुरे कुठे पाठवू?"

नवीला सांगितलं. ती "बरं, ताई" म्हणाली आणि फायली उचलून गेली. दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकली नाही.

समंजस मात्र खूश. "मला खात्री होती, मॅडम." मला त्यांच्या तोंडावर संत्री फेकावीशी वाटली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्लास्टरच्या आत खाज. विणायची सुई घालून खाजवते. मुंगी उद्या घरी. तिला भेटायला जावंसं वाटलं, पण हात बघून घाबरेल, म्हणून गेले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींचा फोन. बोलताना श्वास लागत होता.

मुंगीला सकाळीच नेलं. बूट घालताना मावशींच्या कानात म्हणाली, "मी बाबांना सांगितलं होतं, मला नाही यायचं घरी. म्हणून त्यांनी मला जग मारला. बाई मध्ये आल्या."

"साहेबांना सांगितलं हो मी," मावशी म्हणाल्या. "ते म्हणाले, मुलं काहीही बोलतात. बाप दारात पिशवी घेऊन उभा. मी काय करणार?"

पोलिसांकडे निघालेय.