डाळीतला गूळ

बरकतपुरा, हैदराबाद
१२ नोव्हेंबर १९९४

ती. आईस, बळीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. दुकान बरं चाललंय. घरोघरी गीझर आलेत, त्यांच्यामागून दुरुस्तीही आली. तुझा गुडघा कसा आहे?

परवा आपलाच नवा गीझर तडतडायला लागला. उघडला तर कॉइलवर चुन्यासारखा पांढरा थर. बोअरच्या पाण्याचा प्रताप! शेजारच्या खाला बघायला आल्या न् म्हणाल्या, "खारे पानी में दाल भी नै गलती. मैं दुल्हन कू बोली थी, मीठा पानी डालो बोल के."

त्यांची दुल्हन, म्हणजे आपली अनुसया, आतून म्हणाली, "म्हणूनच तर मी गूळ घातला होता!"

आई, इथे नळाच्या पिण्याच्या पाण्याला मीठा पानी म्हणतात. तू आली होतीस तेव्हाची ती अर्धकच्ची, गोड डाळ आठवते? "हिला डाळसुद्धा शिजवता येत नाही," असं तू मामीला म्हणालीस, ते मला ऐकू आलं होतं. तिलाही आलं असावं. तेव्हापासून ती डाळ करतच नाही.

पुन्हा कधी येतेस ते कळव. नळ दिवसाआड येतो, आणि प्रत्येक वेळी एक कळशी ती तुझ्या नावाने झाकून ठेवते.

वाट बघणारा,
तुझा बळीराम