ड्रोन पडलाच पाहिजे

४ मार्च, सकाळ
आजपासून डोकं शांत ठेवायचं. ध्येय एकच, ड्रोन पाडायचा. यंत्र सोपं आहे. धातूच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा जबरदस्त झोत सोडायचा, त्याच्या ताकदीतून मायक्रोवेव्ह निघतात आणि समोरच्या ड्रोनचं डोकं भाजून काढतात. झोत सरळ ठेवायला नळीभोवती चुंबक. चुंबकाचं काम मेव्हण्याकडे. बायकोचा भाऊ म्हणून त्याला घेतलेलं नाही, हे मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगतो.

७ मार्च
पहिला शॉट. चुंबक कमी पडलं, झोत वाकडा गेला, नळीला भोक. तोफेसारखा आवाज. मेव्हणा म्हणतो, तो "थांबा" ओरडत होता. मला "दाबा" ऐकू आलं. त्याचे उच्चार सुधारायला हवेत.

११ मार्च
आज झोत सरळ. ड्रोन मजेत उडत राहिला, पण मागच्या खोलीतले संगणक जळाले, साहेबांची गाडीही बंद पडली. म्हणजे ताकद आहे, फक्त दिशेचा प्रश्न. सुरक्षा अधिकारी अंगावर धावून आला. मी शांत होतो. हातात पाना होता, एवढंच. त्याच्या कपाळाला टाके.

१२ मार्च
रागावर ताबा ठेवायचा. कालचा धरायचा नाही, तो राग नव्हता.

१६ मार्च
परवा साहेब प्रात्यक्षिक बघणार. मेव्हणा म्हणाला, नळीच्या तोंडावरची सिरॅमिकची चकती तडकली आहे, व्होल्टेज वाढवू नका. भित्रा म्हणालो. त्याने कॉलर धरली, मी डोकं हाणलं. नाकातून रक्ताची धार. घरी बायकोला सांगितलं, त्याला दार लागलं. विचारल्यावर त्यानेही तेच सांगितलं. गुणी आहे.

१८ मार्च, संध्याकाळ
व्होल्टेज वाढवलं. मेव्हणा आत चकतीपाशी होता. "बाहेर ये" म्हणालो होतो. निदान मनात तरी. साहेब घड्याळ बघत होते, बटण दाबलं. चकती फुटली, तुकडे सुऱ्यांसारखे उडाले. त्याचा उजवा हात मनगटापासून चिरला. भिंतीवर रक्त. ड्रोन तेवढाच वर. बॅटरी संपल्यावर आपोआप उतरला. साहेबांनी पडला असं लिहू दिलं नाही.

२० मार्च, हॉस्पिटल
मेव्हण्याच्या उजव्या हाताची तीन बोटं काढली. बायको कॉरिडॉरमध्ये बसून आहे, माझ्याकडे बघतही नाही. मेव्हण्याने हळूच हाक मारली, "भावोजी, जरा जवळ या." माफी मागणार असं वाटून वाकलो.
त्याचा डावा हात उत्तम चालतो. डॉक्टरांना सांगायचं होतं. जबडा हलेना.