माळ कुणाकडे द्यायची

॥ श्री ॥

काळेवाडी, गुरुवार

प्रिय स्वरूपा,

मंगळवारी दोन वस्तू आल्या. एक मानेचा पट्टा, साडेबाराशेचा. चारशेचाही होता, पण हे म्हणाले, मानेत काटकसर नको. दुसरं तुझं मेतकूट. पाकिटावर कुरियरचे नव्वद रुपये दिसले. एवढ्याशा मेतकुटाला नव्वद!

पट्टा माझ्यासाठीच आहे. कवटी मानेवर बसते ना, तिथं आत पाण्याची गाठ झालीय. ती मज्जारज्जू दाबते, म्हणून बोटांना मुंग्या येतात; परवा आरतीचं तबक हातातून सुटलं. ऑपरेशन टाळलं तर हातपाय जातील, असं आकुर्डीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. कागदावर त्यांनी तीन वाटा काढून दाखवल्या. गाठ पुढून असेल तर तोंडातून, टाळूमागून जातात. बाजूला असेल तर कानामागून. मागे असेल तर मानेवरून सरळ. माझी मागे आहे. मी म्हटलं, बाई, तोंडातूनच जा ना, म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ जागची हलणार नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मावशी, तोंडातून गेले तर गाठीआधी मज्जारज्जूच आडवा येईल, आणि कुठूनही गेले तरी माळ काढावीच लागते. हे ओशाळून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

आबांनी आपल्या दोघींना एकाच दिवशी माळ घातली होती. तुझ्या सिझरच्या वेळी नर्सनं तुझी उतरवली, आणि मी बारशाला घरून पाण्याची बाटली घेऊन आले. सगळ्यांदेखत मी म्हणाले, माळ उतरवलेल्या घरचं मी पाणी घेत नाही. तू पाळणा हलवत राहिलीस. सहा वर्षं झाली. दरवर्षी तू मेतकूट पाठवतेस आणि मी ते शेजारच्या गोजाबाईंना देऊन टाकते. त्या तर आता विचारतात, अजून आलं नाही का गं बहिणीचं?

यंदाचं दिलं नाही. आज भातावर घेऊन जेवले.

फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं. ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला आहे. मंगळसूत्र ह्यांच्या खिशात राहील. माळ मात्र तुझ्याकडे द्यायचीय. मी आत असेन तोवर तुझ्या गळ्यात राहू दे. टाके सुकले की तूच परत घाल. पण त्याआधी, शुद्धीवर आले की, पहिलं पाणी तुझ्या हातचं हवं. राग असेल तर तो घेऊनच ये. येतेस की नाही, उलट टपाली एवढं कळव.

तुझीच,
ताई