भांडणाआधीची किल्ली

२ फेब्रुवारी
लग्नानंतरचं पहिलं भांडण आज उगाच आठवलं. मी यांची छत्री कुणाला तरी देऊन टाकली होती – एवढंच! हे ताडकन उठले, दुनळी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, काडतुसं वेगळ्या खणात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या तळहातावर. “हं, आता भांड.” मला हसूच फुटलं.
तेव्हा बाग होती, रानडुकरं यायची, म्हणून बंदूक. परवान्यावर दोघांची नावं. बाग गेली, नियम राहिला. राग आला की आधी किल्ली माझ्याकडे, मग आवाज.

५ फेब्रुवारी
शेजारच्या बँडमास्तरांचं फाटक पहाटेपासून करकरतंय. जन्मभर दुसऱ्यांचे सूर सुधारले, स्वतःच्या फाटकाचा ऐकू येत नाही. तेल घाला म्हटलं तर म्हणतात, वहिनी, तीच माझी चोरघंटा.

६ फेब्रुवारी
व्हायचं ते झालं. फाटकाशी यांची आणि बँडमास्तरांची जुंपली. बँडमास्तर ओरडले, “बंदूक आहे म्हणून घाबरेन वाटलं?” हे तरातरा घरात! गल्ली चिडीचूप. बँडमास्तर फाटकाआड लपले – ते करकरलं, म्हणून सगळ्यांना कळलं.
मी कणीक मळत होते. यांनी किल्ली कणकेतच खोचली आणि रिकामे हात दाखवत परत गेले. “भांडणात बंदुकीचं नाव काढायचं नाही. परवाना त्यासाठी नसतो. हं, बोला आता.”
बँडमास्तर फाटक करकरवत घरात गेले.
माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रागावर प्रार्थना सांगायच्या. आमच्याकडे कुलूप.

९ फेब्रुवारी
अबोला. फक्त फाटक बोलतंय.

१४ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना यांनी किल्ली हळूच माझ्या हातात ठेवली. भांडण तर नव्हतं. कोणावर रागावलात, विचारलं.
“स्वतःवर. काल संध्याकाळी दारात कुणीतरी उभं होतं. ओळखलंच नाही गं. किल्ली कुलपात घातली होती मी. मग तो खोकला, तेव्हा ओळख पटली.”
बँडमास्तर! समेट करायला आले होते, फाटकाला तेल घालून. म्हणून तर चाहूल लागली नाही.
मी यांचा हात धरून बसले. चहा निवला.

१५ फेब्रुवारी
ठरलं. बंदूक, काडतुसं आणि परवाना पोलीस ठाण्यात, दोघांनी मिळून जमा करायचं. बंदुकीचा चामडी पट्टा धाकट्या नणंदेला, पिशवीला होईल. बंदुकीचं तेल शिंपीणबाईंना, मशीनसाठी. बँडमास्तरांना थेंबही नाही – पुन्हा करकरू दे फाटक.
कपाटात माझ्या शाली. किल्ली मात्र यांच्याच खिशात. भांडताना माझ्या हातावर ठेवायला काहीतरी हवं ना.