दुसऱ्याला बसलेला डोळा

माय, तुझ्या डोळ्यांबद्दल मी कुणाजवळ बोलत नाही, म्हणून तुलाच लिहितोय. उजवा लहानपणी देवीत गेला होता. डावा तूर कापताना गेला. तुराटीचं टोक बुबुळाला लागलं, आणि गावातली एक बाई कितीतरी दिवस त्यात मध नि पाल्याचा रस घालत राहिली. मग दोन्हीकडे पांढरं फूल. नागपूरच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, डावं बुबुळ बदलता येईल, पण त्याला मेलेल्या माणसाचा डोळा लागतो, आणि तो कधी मिळेल ते सांगता येत नाही. निरोप आला की तडक निघून यायचं. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "ज्याचा बसवतीन तो माणूस चांगला होता का नाई, कसं समजन गा?" मी चिडलो. तेव्हा मी कशावरही चिडायचो.

आपण नागपूरला लागून वाडीला राहायचो, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागच्या खोलीत. मी कॉलेजात होतो तो म्हणण्यापुरता; खरं तर वर्गातल्या एका मुलीच्या मागच्या बाकावर होतो. तू चुलीपुढं चाचपत भाकरी थापायचीस आणि मी तिच्याबद्दल बोलत सुटायचो. "दिसाले कशी हाय?" "चांगली हाय." "चांगली त म्हैसबी रायते. नीट सांग ना." मला नीट सांगता यायचं नाही. शेवटी तू म्हणालीस, "राहू दे. डोळा आला का मीच पाहीन. तिले पाह्यल्याशिवाय मी हो म्हणणार नाई." तेव्हापासून त्या डोळ्याची वाट तुझ्याइतकीच मीही बघत होतो.

निरोप एका सकाळी गोदामाच्या फोनवर आला. नागपुरातल्या महाल भागात कुणी म्हातारे वारले होते, घरच्यांनी डोळे दिले होते. तुला सांगून मी रिक्षा आणायला पळालो. परतलो तर तू ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. घाईत मी तुझ्या तोंडाकडे धड पाहिलंही नाही. इस्पितळात डॉक्टरांनी पापणी उलटून कापसाचा बोळा फिरवला, तो काळा निघाला. दुसरा फिरवला, तोही काळा. तू दोन्ही डोळ्यांत काजळ भरलं होतंस, घरी धरलेलं, एरंडेलात खललेलं. "नवा पाहुणा येऊन राह्यला ना डॉक्टरसाहेब," तू म्हणालीस, "त्याले न सारवल्या घरात कसं बसवू?" सिस्टर हसली. डॉक्टर हसले नाहीत. आत काजळी राहिली तर नवं बुबुळ सडेल, म्हणाले. बराच वेळ धुतलं, तरी पापणीच्या कडेतून काळं येतच राहिलं. मग त्यांनी बाहेर बाकावर वाट बघत बसलेल्या दुसऱ्या माणसाला आत बोलावलं. काढलेला डोळा थांबत नाही.

मी टेबलावर मूठ आपटली, डॉक्टरांना नको ते बोललो. चपराशानं दंड धरून मला बाहेर काढलं. तू व्हरांड्यात भिंतीला हात लावून उभी. "काहून ओरडून राह्यला गा? डोळा काई सांडला नाई. त्या माणसाले बसन." काजळ तुझ्या गालांवर उतरलं होतं. ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

दुसरा डोळा आलाच नाही. त्या हिवाळ्यात वर्गातल्या त्या मुलीचं लग्न झालं, जबलपूरला. माझ्याबद्दल कळून आपली जात ऐकल्यावर तिच्या घरच्यांनी तिला कॉलेजातही येऊ दिलं नव्हतं. मी एक दिवस भर तासात वर्गातून उठलो तो परत गेलो नाही, गोदामात माल उतरवून घ्यायला लागलो. तुला सांगितलं तेव्हा तू पीठ मळत होतीस, ते मळतच राहिलीस. मग म्हणालीस, "बरं झालं पाह्यली नाई. नाईतं तुह्यासारखी मलेबी आठवत रायली असती." उन्हाळ्यात तू तापानं गेलीस.

बाकावरचा तो माणूस मला पुढं महालात दिसला. त्याचं सायकलचं दुकान आहे. लोखंडाचा कण उडून त्याचं बुबुळ गेलं होतं. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो चाक गरकन फिरवतो, धड असलेला डोळा मिटतो आणि त्या बसवलेल्या डोळ्यानं रिमकडे बघत राहतो. त्याला कामाची सवय ठेवावी लागते, म्हणतो. मग तसाच मान वर करून माझ्याकडे बघतो. मी माझी सायकल दाखवायला नेतो नि मुद्दाम समोर बसतो. केस विंचरून जातो. त्याला काही सांगितलेलं नाही.

तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि मला ते जमलं नसतं. घडी घालून ठेवतो. परवा तो सायकलवाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या चाकाले होऊन तरी काय राह्यलं? आत्ताच तं काढला होता आऊट." मी म्हणालो, वाडीचे रस्ते, ट्रकांनी पार उखडून टाकलेत.

माय, रस्ते ठीक आहेत. निघण्याआधी आरे मीच सैल करतो.