माहेरचे पत्रे

राजापेठ, अमरावती
६ मार्च २०२५

चि. माया,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आपल्या जुन्या छपराच्या नवव्या पत्र्यावर हातोडा पडला, तेवढ्यात कुंपणापलीकडून दामिनीने विचारलं की सर, हे तुम्हीच करताय का. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता महापालिकेत स्वच्छता विभागात आहे. ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा फोडू नये, कापू नये, धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही, हे मीच तिला शिकवलं. मी तो पोत्यात मावावा म्हणून फोडत होतो. रुमाल तोंडाला नव्हता, डोक्याला होता. केस खराब होऊ नयेत म्हणून. केस किती उरलेत, तुला माहीत आहे.

बाकीचे आठ पत्रे कालच तुझ्या बकऱ्यांच्या गोठ्यासाठी टेम्पोने पाठवले, भावाची भेट म्हणून मिरवलंही. श्रावणरावांना ते कापू देऊ नकोस. जिनिंगमध्ये वीस वर्षं रुईची धूळ खाऊन तुझ्या नवऱ्याची छाती आधीच अधू. फोनवर सांगितलं तर हसलीस; म्हणालीस, दिलेलं परत मागणारा भाऊ पाहिला नाही. म्हणून लिहून देतो, रोज तिकडे नोकरीला जाणाऱ्या अमोलच्या हाती.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
सुगतदादा

मूर्तिजापूर
७ मार्च

ती. दादा,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा एक पत्रा कापून झाला होता. ते सांगितलं नाही, तू गुरुजीसारखा ओरडला असतास. पत्र वाचून दाखवलं, तर हे म्हणाले की माही छाती रुईनं भरली हाये, पत्र्याच्या धुळीले जागा कुठी हाये. हसले, मग खोकत राहिले. करवत मी काढून घेतली.

आज दवाखान्यात नेलं. एका दिवसाच्या धुळीचं आत्ताच काही दिसणार नाही, पण यापुढे धूळ नको आणि बिडी तर नकोच, असं डॉक्टर म्हणाले. यांचा चेहरा बिडीचं ऐकून पडला.

भावानं छप्पर पाठवलं म्हणून मी गल्लीभर सांगून आले होते. आता गोठ्यात पांढरी भुकटी आहे. खराटा मारू का? आणि माहेरची वस्तू परत धाडत नाहीत, त्याचं काय करू?

रागव, पण मग जवळ कर.
माया

राजापेठ
८ मार्च

चि. माया,
जयभीम.

खराटा नको. फोनवर सांगितलंच, तरी लिहितो. माझ्या फोनवर घरात शालूचाही विश्वास नाही. गोठ्यात कुणी जाऊ नका. पत्रे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे, भुकटी ओल्या फडक्याने टिपायची, फडकंही त्यातच. हे घंटागाडीत चालत नाही. परवानगी असलेली वेगळी गाडी नेते. त्या गाडीसाठी दामिनीने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि त्यात दोन चुका काढल्या.

उद्या मास्क घेऊन मीच येतो. भेट मीच नेली, तर तू परत धाडली असं होत नाही. बकऱ्यांना टिनाचे पत्रे घेतलेत.

आहे तेवढी इज्जत सांभाळून ठेव.
सुगतदादा

(याच कागदाच्या पाठीवर, मायाच्या अक्षरात)

शालूवहिनी, दादा सकाळच्या गाडीने पोचला. यांनी दारात पाण्याचा तांब्या पुढे केला. दादाने तो नेऊन पत्र्यांवर ओतला आणि बादली मागितली. हे मदतीला उठले, तर त्यांना बकऱ्यांसकट शेजारच्या अंगणात बसवलं. सात पत्रे आणि आठव्याचे तुकडे बांधून झाल्यावरच यांना घरात घेतलं.